अठरा संघांच्या कॉन्फरन्सचा विजेता ठरतो तरी कसा?

आपली मुलगी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकते आणि तिच्यामुळे आपणही गेली दोन वर्षे कॉलेज फुटबॉल, म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा अमेरिकन फुटबॉल, पाहू लागला आहात. पॅसिफिक किनाऱ्यावरचा हा संघ न्यू जर्सीतल्या रटगर्सशी ‘कॉन्फरन्सचा’ सामना का खेळतो, आणि राष्ट्रीय विजेता ठरवणारे प्लेऑफ १२ संघांचे असावे की १६, यावरून एवढा वाद का चालला आहे, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. माझ्या मते हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी सतरा वर्षे सामन्यांची वेळापत्रके आणि संघांचे प्रवास आखण्याचे काम केले आहे. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि पुढचे सगळे उत्तर त्यावरच उभे आहे. बाद फेरीत कोणी यावे हे ठरवण्याआधी, त्या फेरीपर्यंत पोहोचवणारे साखळी सामने एकमेकांशी तुलना करण्याजोगे असावे लागतात. कॉन्फरन्सच्या फेरबदलांनी नेमकी तीच तुलना मोडली, आणि आता प्लेऑफचे स्वरूप बदलून ती भरून काढण्याचा प्रयत्न चालू आहे.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेली साखळी. वॉशिंग्टन आणि रटगर्स आज जिच्यात आहेत त्या बिग टेन कॉन्फरन्सची स्थापना १८९६ची, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स १९१५ची. २००६ ते २०१० या काळात पॅक-१०मध्ये, म्हणजे पुढे पॅक-१२ झालेल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समध्ये, १० संघ होते आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्समधले नऊ सामने खेळत असे, म्हणजे प्रत्येकाची गाठ उरलेल्या सगळ्यांशी पडत असे. रणजी करंडकाच्या आठ संघांच्या गटात प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी खेळतो आणि मगच गुणतक्ता वाचायचा असतो. तसेच ते होते. तक्त्यात पहिला आलेला संघ पहिला का आला, हे त्या काळात कोणालाही दोन वाक्यांत सांगता येत असे. कॉन्फरन्सची अंतिम लढत नव्हती, कारण तिची गरजच नव्हती.

ही घडी मोडली ती दूरचित्रवाणीच्या पैशाने, आणि त्याची सुरुवात बरीच जुनी आहे. १९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचे प्रक्षेपण हक्क एनसीएए ही मध्यवर्ती संस्था विकत असे आणि कोणत्या संघाचे किती सामने दाखवायचे यावर तिचे नियंत्रण होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली. भिन्नमत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, याचा मला अनेकदा विचार करावासा वाटला आहे. त्या निकालानंतर हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आले. ज्या कॉन्फरन्सकडे जास्त प्रेक्षक खेचणारे संघ, तिचा करार मोठा. आणि करार मोठा हवा असेल तर दुसऱ्याचे असे संघ आपल्याकडे आणायचे, हे गणित तेव्हाच रुजले. साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६मध्ये याच गणिताने संपली. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर हे चार संघ बिग एटला मिळून बिग १२ तयार झाली, आणि राइस, टीसीयू, एसएमयू व ह्यूस्टन यांना दुसरे घर शोधावे लागले.

आपल्या मुलीच्या विद्यापीठाची गोष्ट मात्र अलीकडची आहे. २०२१च्या जुलैमध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसीमध्ये, जाण्याचे जाहीर केले. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन्ही संघांनी पॅक-१२ सोडून बिग टेनची वाट धरली. त्यानंतर दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला. लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेल्यावर पॅक-१२कडे विकण्यासारखे बरेच कमी उरले. त्यातच त्यांची एक जुनी चूक अंगाशी आली होती. बिग टेनने स्वतःची वाहिनी २००७मध्ये फॉक्सच्या भागीदारीत काढली, एसईसीने २०१४मध्ये ईएसपीएनबरोबर काढली. पॅक-१२ने मात्र २०१२मध्ये कोणताही भागीदार न घेता काढली, आणि डायरेक्टटीव्हीसारख्या मोठ्या वितरकाने ती कधीच दाखवली नाही. मालकी पूर्ण राहिली, पण घरोघरी पोहोचण्याची ताकद आली नाही.

२०२३च्या जुलैअखेर कोलोराडो बिग १२मध्ये परतले. पॅक-१२समोर तेव्हा मुख्यतः ॲपलच्या सशुल्क सेवेवर अवलंबून असलेला एकच प्रस्ताव होता, आणि तो विद्यापीठांना पटला नाही. ४ ऑगस्ट रोजी एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२मध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, म्हणजे एसीसीने, प्रवेश दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरालगतची दोन विद्यापीठे ॲटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या संघटनेत आली. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे उरली. आणि त्याच शेवटच्या हंगामात वॉशिंग्टनचा संघ अपराजित राहून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, जिथे तो मिशिगनकडून १३-३४ असा हरला. मैदानावर कॉन्फरन्स सर्वांत भरात असताना ती कागदावर संपली होती.

आता या फेरबदलांचा प्लेऑफशी संबंध कसा येतो ते पाहू. बिग टेनमध्ये आज १८ संघ आहेत आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्सचे नऊ सामने खेळतो. म्हणजे १७ प्रतिस्पर्ध्यांपैकी आठांशी त्या वर्षी गाठच पडत नाही. एसीसीत फुटबॉलचे १७ संघ आहेत, आणि २०२५मध्ये प्रत्येकाने आठ सामने खेळले; १६ प्रतिस्पर्ध्यांपैकी नेमके निम्मे. अशा तक्त्यात दोन संघांचे गुण सारखे असतील तर ते सारखेच आहेत असे म्हणता येत नाही, आणि एकाचे जास्त असतील तर तो सरस आहे असेही म्हणता येत नाही. पूर्वी विभाग असत, तेव्हा निदान विभागातले सगळे एकमेकांशी खेळत. पण बिग टेन आणि एसीसी या दोघांनीही विभाग रद्द केले आहेत, त्यामुळे तोही आधार गेला.

याचा परिणाम २०२५च्या एसीसीत सर्वांना दिसला. व्हर्जिनिया सात विजय आणि एक पराभव या कामगिरीवर पहिला आला, आणि दुसऱ्या जागेसाठी सहा विजय व दोन पराभव असलेले पाच संघ एका रेषेत आले: मायामी, जॉर्जिया टेक, एसएमयू, पिट्सबर्ग आणि ड्यूक. पाचही जण एकमेकांशी खेळलेले नव्हते, म्हणून बरोबरी सोडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांची टक्केवारी मोजावी लागली. त्यातून सगळे सामने धरून सात विजय आणि पाच पराभव असलेला ड्यूक अंतिम फेरीत गेला, आणि त्याने व्हर्जिनियाला अतिरिक्त वेळेत २७-२० असे हरवून विजेतेपदही मिळवले. या निकालात कोणाची लबाडी नव्हती. नियम आधीच लिहिलेले होते आणि ड्यूकचे खेळाडू अंतिम सामना प्रामाणिकपणे जिंकले. तरीही कॉन्फरन्सचा विजेता प्लेऑफबाहेर राहिला आणि मायामी आत गेला, कारण तेव्हाच्या नियमानुसार प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांनाच हमखास जागा होती. ती पाचवी जागा जेम्स मॅडिसन विद्यापीठाला मिळाली. ज्यांनी त्या दिवशी समितीला दोष दिला, त्यांनी माझ्या मते चुकीच्या दाराची कडी वाजवली. दोष १७ संघ आणि आठ सामने या जोडणीत होता.

प्लेऑफचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३६पासून पत्रकारांच्या मतदानाने राष्ट्रीय विजेता ठरे आणि कधीकधी दोन मतदानांतून दोन विजेते निघत, जसे १९९७मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का. १९९८ ते २०१३ या हंगामांत पहिल्या दोन क्रमांकांची अंतिम लढत होत असे. २०१४पासून १३ जणांची समिती चार संघ निवडू लागली, आणि त्यात २०२३ साली १३ सामने जिंकून एसीसीचा विजेता ठरलेला अपराजित फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिला, कारण त्याचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जखमी झाला होता आणि उरलेला संघ तेवढा बलवान नाही असे समितीला वाटले. सामने जिंकूनही जागा न मिळण्याचे याहून कडवट उदाहरण मला आठवत नाही.

२०२४पासून १२ संघ आले. मूळ आराखड्यात सहा कॉन्फरन्स-विजेते आणि सहा इतर असे होते. पॅक-१२ कोसळल्यावर ते पाच आणि सात झाले. पहिल्या वर्षी पहिली चार मानांकने केवळ कॉन्फरन्स-विजेत्यांसाठी राखीव होती आणि त्यांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळत होती. त्यामुळे समितीच्या क्रमवारीत नववा असलेला बॉइसी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा. या नियमाचा खरा फटका या दोघांना बसला नाही. तो बसला अपराजित, पहिल्या मानांकित ओरेगनला. ओरेगनने बिग टेनच्या अंतिम सामन्यात पेन स्टेटला ४५-३७ असे हरवले आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला रोझ बोल या उपांत्यपूर्व लढतीत ओहायो स्टेट आला, जो त्या महिन्यात देशातील सर्वांत ताकदवान संघ होता. हरलेल्या पेन स्टेटला मात्र घरच्या मैदानावर एसएमयू आणि मग बॉइसी स्टेट असा सोपा मार्ग मिळाला. ओरेगन २१-४१ असा हरला, थेट पुढे गेलेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीतच संपले, आणि आठवा मानांकित ओहायो स्टेट नोत्र दामला ३४-२३ असे नमवून विजेता झाला. पुढच्याच वर्षी मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे देण्यात आले, आणि ती दुरुस्ती योग्य होती.

मात्र दुरुस्तीनंतरही २०२५मध्ये एक कोडे उरले. अलाबामा एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून ७-२८ असा हरला आणि नवव्या क्रमांकावरच राहिला; बीवाययू बिग १२च्या अंतिम सामन्यात टेक्सास टेककडून ७-३४ असा हरला आणि बाराव्या क्रमांकावर घसरला. स्वतंत्र, म्हणजे फुटबॉलसाठी कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नसलेला नोत्र दाम त्या शनिवारी खेळलाच नाही, पण मायामीने त्याला हंगामाच्या पहिल्या सामन्यात २७-२४ असे हरवले होते, या कारणाने मायामी दहावा आणि नोत्र दाम अकरावा ठरून बाहेर गेला; क्रमवारीत खाली असलेल्या दोन कॉन्फरन्स-विजेत्यांना हमखास जागा असल्याने पहिल्या दहांपर्यंतच जागा उरल्या होत्या, म्हणून बारावा बीवाययूही बाहेर राहिला. मायामीला वर नेणे मला मान्य आहे. प्रत्यक्ष लढतीचा निकाल असताना दुसरे निकष कशाला शोधायचे? पण दोन पराभूतांना दोन मापे का, याचे उत्तर मला पटेल असे कोणी दिले नाही. बिग टेनच्या अंतिम सामन्यात तर इंडियाना आणि ओहायो स्टेट दोघेही अपराजित होते आणि दोघांचीही जागा पक्की होती. म्हणजे कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा झाला आहे.

आता १६ संघांच्या प्रस्तावांकडे येतो. २०२४च्या सामंजस्य करारानुसार २०२६पासूनचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार मुख्यतः बिग टेन आणि एसईसी यांच्या हाती आला, आणि त्या दोघांचे एकमत न झाल्यामुळे २०२६चा हंगामही १२ संघांवरच राहिला. बिग टेनचे आयुक्त टोनी पेटिटी यांच्या बाजूने आलेला प्रस्ताव राखीव जागांचा होता: बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी चार, एसीसी आणि बिग १२ला प्रत्येकी दोन, लहान कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम विजेत्याला एक, आणि तीन खुल्या, म्हणजे समितीच्या क्रमवारीवरून भरायच्या. दुसरा प्रस्ताव पाच विजेते आणि ११ खुल्या जागा असा आहे, आणि ग्रेग सँकी यांच्या एसईसीचा कल त्याकडे राहिला. कोणाला काय का हवे आहे हे २०२५च्या क्रमवारीवर हिशेब मांडला की लगेच कळते. पाच आणि अकराचे सूत्र लावले असते, तर प्रत्यक्ष खेळलेल्या १२ संघांत नोत्र दाम, बीवाययू, टेक्सास आणि व्हँडरबिल्ट यांची भर पडली असती. त्यामुळे एसईसीचे सात संघ झाले असते आणि बिग टेनचे तीनच राहिले असते. समितीवर भरवसा ठेवणे एसईसीला परवडते, बिग टेनला परवडत नाही. दोघांच्या तात्त्विक भूमिकांमागे हा साधा आकडा आहे.

राखीव जागांच्या प्रस्तावात एक गुण आहे, आणि तो मान्य करायला हवा. जागा कॉन्फरन्सच्या तक्त्यावरून मिळणार असेल, तर बाहेरच्या बलवान संघाशी खेळून हरल्याने नुकसान होत नाही, आणि सप्टेंबरमध्ये मोठे सामने ठेवण्याची हिंमत वाढते. मी स्वतः अशा करारांच्या वाटाघाटींत बसलो आहे. दोन तुल्यबळ विद्यापीठांना समोरासमोर आणणारा सामना केवळ एका पराभवाच्या भीतीने रद्द होताना पाहिला, तेव्हा फार वाईट वाटले होते. तरीही हा प्रस्ताव मला मान्य नाही. येणाऱ्या हंगामात कोणत्या कॉन्फरन्सचे किती संघ चांगले निघतील हे करार लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. शिवाय ज्या तक्त्यात संघ एकमेकांशी खेळलेलेच नाहीत त्यातला चौथा क्रमांक हा हक्काचा पुरावा कसा मानायचा? ड्यूकचे उदाहरण इथे पुन्हा आठवावे.

मला विचाराल तर १६ संघ, पाच विजेते, ११ खुल्या जागा, कोणालाही थेट पुढची फेरी नाही, आणि पहिल्या दोन्ही फेऱ्या वरच्या मानांकिताच्या घरच्या मैदानावर. २०२४मध्ये पहिल्या फेरीचे सामने विद्यापीठांच्या मैदानांवर झाले, ही या सगळ्या बदलांतली सर्वांत चांगली गोष्ट आहे, कारण ज्या विद्यार्थ्यांचा तो संघ आहे ते वसतिगृहातून चालत सामन्याला जाऊ शकतात. कॉन्फरन्सच्या अंतिम लढती बंद करून तो शनिवार पहिल्या फेरीला द्यावा. या लढती मोठ्या रकमांना विकलेल्या असल्याने हे सहज होणार नाही, याची मला जाणीव आहे. त्याबरोबर एक अट मात्र हवी, आणि ती नसेल तर मी १२ संघांवरच थांबेन: वेळापत्रक सुधारले पाहिजे. एसईसीने २०२६पासून आठऐवजी नऊ सामने करून योग्य दिशेने पाऊल टाकले आहे. तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी ठरलेले आणि उरलेल्या बारांपैकी सहा आळीपाळीने, म्हणजे दोन वर्षांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. बिग टेनने १८ संघांचे सहा-सहाचे तीन गट पाडावेत. गटातले पाच सामने दरवर्षी व्हावेत आणि चार सामने बाहेरच्या गटांशी फिरते असावेत. बिग टेनला हमखास जागा हव्याच असतील, तर त्या या तीन गटविजेत्यांना मिळाव्यात. त्यांनी आपल्या गटातल्या प्रत्येकाला तोंड दिलेले असेल, आणि त्या जागेला कोणी हरकत घेऊ शकणार नाही.

या गटांचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या कामामुळे तो मला सर्वांत जवळचा वाटतो. वॉशिंग्टन, ओरेगन, यूएससी आणि यूसीएलए एका गटात आले तर त्यांचा दर हंगामातला काही लांबचा प्रवास टळेल. फुटबॉलचा संघ खास विमानाने जातो आणि आठवड्यात एकच सामना खेळतो. त्याला चार हजार किलोमीटर आणि तीन तासांचा वेळेचा फरक सोसतो. पण कॉन्फरन्स फुटबॉलसाठी बदलली की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर अशा सगळ्याच संघांची बदलते, आणि ते संघ बहुधा नेहमीच्या प्रवासी विमानांनी, मधे थांबे घेत जातात. एका नोव्हेंबरात आमच्या व्हॉलीबॉलच्या मुली पहाटे चारला परतल्या आणि त्यांपैकी दोघी साडेआठला रसायनशास्त्राच्या परीक्षेला बसल्या. ते वेळापत्रक मीच आखले होते, आणि उपलब्ध विमानांत त्याहून बरा पर्याय निघत नव्हता. प्लेऑफवरच्या चर्चेत या मुलींचा उल्लेख क्वचितच येतो.

आपण शेवटी विचारले होते की या सगळ्यात मुलीला कोणता सामना दाखवावा. ॲपल कप दाखवा, असे मी सांगेन. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट या एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांचा हा सामना पूर्वी नोव्हेंबरच्या अखेरीस होत असे आणि त्यावर कॉन्फरन्समधली जागा अवलंबून असे. आता दोघे वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये असल्याने तो कॉन्फरन्सबाहेरचा सामना म्हणून सप्टेंबरमध्ये होतो. २०२४मध्ये वॉशिंग्टन स्टेटने तो सिएटलमध्ये २४-१९ असा जिंकला, २०२५मध्ये वॉशिंग्टनने पुलमनला जाऊन ५९-२४ असा परत घेतला, आणि दोन्ही विद्यापीठांनी तो २०२८पर्यंत चालू ठेवण्याचा करार केला आहे.